'प्रभूच्या हाती सोपवलं' म्हटल्यावर पुढे काय करायचं?

रविवारची उपासना संपली होती. व्हरांड्यात चहाचे कप फिरत होते, रविवारच्या शाळेतून सुटलेली मुलं पायांत घुटमळत होती. एक बाई बाजूला येऊन उभ्या राहिल्या. हातातल्या पिशवीत रिपोर्टांची फाईल. म्हणाल्या, "ताई, परवाच्या प्रार्थनासभेत मी सगळं प्रभूच्या चरणी ठेवलं. अगदी मनापासून ठेवलं. आता सोमवारी सोनोग्राफी आहे. केली तर माझा विश्वास कमी पडला असं होईल का?"

मी त्यांना सोनोग्राफी करून यायला सांगितलं आणि मंगळवारी फोन करा म्हटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावरची भीती माझ्या डोक्यातून जाईना. प्रभूवर भरवसा टाकलेल्या बाईला तपासणी करून घ्यायची भीती वाटत असेल, तर आपण शिकवताना कुठेतरी चुकतो आहोत.

हाच प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकू येतो. नोकरी गेलेला तरुण विचारतो, अर्ज करत राहू की वाट पाहू? लग्नाची मुलगी विचारते, आईबाबांनी आणलेलं स्थळ हीच प्रभूची इच्छा समजायची का? निवृत्त गृहस्थ विचारतात, राहतं घर चर्चच्या नावावर केलं तरच माझं समर्पण पुरं होईल का? 'सोपवून द्या' हे व्यासपीठावरून सगळे सांगतात. घरी गेल्यावर ते कसं करायचं, हे सांगणारे फार थोडे भेटतात. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. प्रभूच्या हाती सोपवायचा असतो तो निकाल. वाट्याला आलेलं काम आपल्यालाच करायचं असतं. आणि सोपवायचं ते देवाला. देवाच्या नावाने बोलणाऱ्या कुणा माणसाला नाही. पुढचं सगळं या दोन गोष्टींवर उभं आहे.

सोपवायचं काय, आपल्याकडे ठेवायचं काय

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय काढा आणि घाई न करता वाचा. पौलाला कैदी म्हणून रोमला नेत आहेत. जहाज वादळात सापडतं. जहाजावर २७६ माणसं आहेत. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. एका रात्री देवदूत पौलाला धीर देतो. जहाज जाईल, पण माणूस एकही दगावणार नाही, हे त्याला कळतं. देवाचा शब्द मिळाला.

आता पौल काय करतो ते पाहा. खलाशी पाण्याची खोली मोजत आहेत. आधी वीस वाव, थोडं पुढे गेल्यावर पंधरा. ते मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडण्याची वाट पाहतात. काही खलाशी नांगर टाकायचं निमित्त करून लहान होडी पाण्यात सोडतात. त्यांना पळून जायचं असतं. पौलाच्या ते लक्षात येतं. तो शताधिपतीला बजावतो की ही माणसं जहाजावर राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. पहाटे पौल सगळ्यांना जेवायचा आग्रह करतो, कारण चौदा दिवस कुणी धड खाल्लेलं नसतं. तो स्वतः भाकरी घेऊन देवाचे आभार मानतो आणि खायला लागतो. पोटं भरल्यावर गहू समुद्रात टाकून जहाज हलकं केलं जातं.

सगळे वाचणार, हा शब्द पक्का होता. तरी होडीचे दोर कापावे लागले आणि पोटात अन्न घालावं लागलं. मला समर्पणाचा यापेक्षा चांगला धडा माहीत नाही. तुमच्या घरात तो असा लावता येईल:

- आजारपण: तपासणी, औषध, पथ्य, गरज वाटली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत, हे तुमच्याकडे. गुण येणं आणि कधी येणं, हे प्रभूकडे.
- नोकरी: अर्ज, तयारी, ओळखीच्यांना न लाजता सांगून ठेवणं, हे तुमच्याकडे. कुठलं दार उघडेल, हे प्रभूकडे.
- मुलं: फी, अभ्यास, शिस्त, जवळ घेऊन बोलणं तुमच्याकडे. मूल पुढे कोण होईल, तुमच्या मनासारखं वागेल की नाही, हे सोडून द्यायचं. आयांना सगळ्यात जड जातं ते हे.
- कर्ज: बँकेत जाऊन खरी परिस्थिती सांगणं, हप्ते बांधून घेणं, खर्चाला कात्री लावणं तुमच्याकडे. लोक काय म्हणतील ही काळजी प्रभूकडे.
- तुटलेलं नातं: क्षमा मागणं तुमच्याकडे. समोरच्याने ती देणं तुमच्या हातात कधीच नव्हतं.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. सोपवलं म्हणजे मागायचं नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. गेथशेमाने बागेत येशूने हा प्याला टळो म्हणून विनवलं, तेही एकदा नाही. त्यानंतरच पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवली. मागणं मनात दडपून 'तुझी इच्छा' म्हणाल, तर ते शब्द ओठांवरच राहतात. हवं ते स्पष्ट मागा, रडून मागा. मग मूठ उघडा.

एका बाबीपासून सुरुवात करा

'माझं सगळं जीवन तुला' ही प्रार्थना सुंदर आहे, पण ती इतकी मोठी आहे की सोमवारी सकाळी तिचं काय करायचं ते कळत नाही. म्हणून एकच बाब घ्या. ज्या गोष्टीच्या विचाराने रात्री अडीचला जाग येते, तीच.

१. वहीच्या पानावर ती एका वाक्यात लिहा. 'कुटुंबाची काळजी' असं मोघम नको. 'मुलगा गेले पाच महिने माझ्याशी बोलत नाही' असं नेमकं.

२. खाली लिहा: मला कशाची भीती वाटते? इथे खरं लिहा. भीती कधी कधी मुलाची नसते, नातेवाइकांत होणाऱ्या चर्चेची असते.

३. पानाचे दोन भाग करा. एकीकडे या आठवड्यात मी करू शकते अशी कामं, जास्तीत जास्त तीन. दुसरीकडे माझ्या हाताबाहेरच्या गोष्टी.

४. दुसऱ्या बाजूची एकेक ओळ मोठ्याने वाचा आणि प्रत्येक ओळीनंतर ती प्रभूला द्या. शब्द तुमचे असू देत, घरी बोलता तसे. गुडघे टेकता येत नसतील तर खुर्चीत बसून.

५. पहिल्या बाजूच्या तीन कामांपैकी एक त्याच दिवशी करा. फोन असेल तर फोन, कागद असेल तर कागद.

६. तारीख घाला. एका महिन्याने हेच पान परत काढा.

रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं दिवसाकडे मागे वळून बघा. आज मी कुठे शांत होते? कुठे पुन्हा सगळं ओढून हातात घेतलं? त्याबद्दल आभार किंवा क्षमा, आणि झोप. जेझुइट फादर याला दिवसाचं आत्मपरीक्षण म्हणतात. ते करायला तुम्ही कॅथलिकच असायला हवं असं नाही.

माझी एक सही

वडिलांच्या ऑपरेशनची संध्याकाळ मला अजून तशीच दिसते. काउंटरवर सुतळीने बांधलेलं पेन, संमतीपत्रावरची बारीक इंग्रजी अक्षरं, आणि सिस्टरांनी बोट ठेवून दाखवलेल्या सहीच्या तीन जागा. मी पेन हातात घेऊन तशीच उभी राहिले. मनात एकच: प्रभू, तू संकेत दे, मग सही करते. एखादं वचन आठवेल, कुणाचा फोन येईल, काहीतरी होईल. मागे रांग लागली होती. वीस मिनिटं गेली. धाकटा भाऊ जवळ येऊन हळूच म्हणाला, "अक्का, बाबांना आत घ्यायचे थांबलेत."

तेव्हा लख्ख कळलं की मी प्रभूवर सोपवत नव्हते. काही वाईट झालं तर दोष माझ्याकडे येऊ नये, एवढीच माझी धडपड होती. संकेत मिळाला असता तर जबाबदारी त्याची झाली असती. मी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले, ते समजून घेतले आणि तिन्ही जागी सही केली. मग बाकावर बसून म्हटलं, सही मी केली, बाबा तुझे आहेत.

वडील त्या ऑपरेशनातून उठले. पुढच्या वर्षीच्या आजारातून उठले नाहीत. प्रार्थना दोन्ही वेळा तीच होती.

निर्णय घ्यायचा आहे, पण प्रभूची इच्छा कळत नाही

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी हे तपासा की प्रश्न खरोखर दोन चांगल्या गोष्टींमधला आहे का. खोटी सही करू का, लाच देऊ का, बायकोपासून लपवून कर्ज काढू का, यासाठी प्रभूची इच्छा शोधत बसायची गरज नाही. शास्त्र तिथे आधीच बोललेलं आहे. इच्छा शोधायची ती पुण्यातली नोकरी की गावाकडची शाळा, हे स्थळ की थांबणं, अशा ठिकाणी.

इग्नेशियस लोयोला हा १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून पडलेला सरदार. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला स्वतःच्या मनातल्या हालचाली ओळखायचा नाद लागला, आणि त्यातून त्याच्या 'आध्यात्मिक साधना' तयार झाल्या. १५४८ मध्ये पोपने त्यांना मान्यता दिली. त्यातल्या निर्णयाच्या युक्त्या इतक्या साध्या आहेत की स्वयंपाक करता करता वापरता याव्यात:

- अगदी हीच अडचण घेऊन एखादा अनोळखी माणूस तुमच्याकडे आला आहे आणि तुम्हाला त्याचं भलंच हवं आहे. त्याला काय सांगाल?
- तुम्ही मरणशय्येवर आहात. त्या वेळी मागे वळून पाहताना आजचा कोणता निर्णय घेतला असता तर बरं वाटेल?
- केल्याचे फायदे-तोटे आणि न केल्याचे फायदे-तोटे वेगवेगळे लिहा. मग बाजू मोजू नका, वजन पाहा. एका बाजूला सात मुद्दे असतील आणि सगळे मानपानाचे असतील.

निर्णयाचा कौल मिळाला की तो प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवा आणि काही दिवस थांबा. सुरुवातीची धडधड गेल्यावर आत स्थिर वाटतं का, की कुरतडल्यासारखं होत राहतं, ते पाहा. इग्नेशियसचा आणखी एक नियम मी भिंतीवर लावावा इतका मोलाचा मानते: मन कोरडं, उदास, अंधारात असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. त्या काळात प्रार्थना थोडी वाढवा, पण राजीनामा लिहू नका, साखरपुडा मोडू नका, घर विकू नका.

काही गोष्टी टाळाच. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन म्हणजे उत्तर, हा प्रकार आपल्याकडे फार चालतो. वचन असं तोडून घेतलं की त्यातून आपल्याला हवं तेच निघतं. चिठ्ठ्या टाकण्याचंही तसंच. मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनी झाली हे खरं, पण ती पवित्र आत्मा उतरण्याआधीची गोष्ट आहे, आणि त्यानंतर मंडळीने चिठ्ठ्या टाकून माणूस निवडल्याचं 'प्रेषितांची कृत्ये'मध्ये पुन्हा दिसत नाही. पुढे त्यांनी बसून चर्चा केली, उपास केला, एकमेकांचं ऐकलं. तुम्हीही निदान दोन शहाण्या माणसांशी बोला. त्यातला एक असा असू दे, जो तुम्हाला 'नाही' म्हणू शकतो.

प्रकट समर्पण करायचं असेल तर

एकट्याने केलेली प्रार्थना पुरेशी आहे. तरी माणसाला कधी कधी एक दिवस, एक जागा, साक्षीदार हवे असतात. तुमच्या मंडळीत जो मार्ग असेल तो घ्या.

मेथडिस्ट मंडळीत नव्या वर्षाच्या सुमाराला कराराची उपासना होते. जॉन वेस्लीने १७५५ मध्ये ती सुरू केली. तिची गाभ्याची प्रार्थना धाडसाची आहे: मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, दोन्हीला मी तयार आहे, असा तिचा आशय. बाजूला ठेवलं जाणं मान्य करणं किती कठीण आहे, हे सेवानिवृत्त झालेल्या कुणालाही विचारा. कॅथलिकांसाठी रिट्रीट आहे, पूर्ण जीवनाचं पापनिवेदन आहे. फादरांना आधी वेळ मागून ठेवा म्हणजे शनिवारच्या रांगेत घाई होणार नाही. पापनिवेदनात बोललेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, हे गृहीत धरून मोकळं बोला. संजीवन सभेत पुढे येण्याचं आवाहन झालं तर जा किंवा जाऊ नका. जागेवर बसून केलेलं समर्पण देवाला तितकंच ऐकू येतं.

आणि एका दिवसात सगळं झालं पाहिजे असं मनात धरू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त पुढे कित्येक वर्षांनी भेटला, असं त्यांनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. त्यांच्याइतक्या विदुषीला वेळ लागला, तुम्हालाही लागू द्या. आणि भेटल्यावर त्या काय करत बसल्या? दुष्काळातल्या मुली मध्य प्रांतातून आणल्या, केडगावला 'मुक्ती' उभं केलं, विहिरी खोदल्या, मुलींना हातात कसब दिलं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. पैशासाठी त्या देवावर विसंबून राहिल्या आणि दिवस उजाडल्यापासून कामात असायच्या.

खड्डे कुठे आहेत

'औषध बंद करा, विश्वास ठेवा.' असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. हिज्कीया राजा मरणपंथाला लागला असताना देवाने त्याची प्रार्थना ऐकली, आणि यशयाने अंजिरांची चांदकी गळवावर बांधायला लावली. पौलाने तीमथ्याला त्याच्या पोटाच्या तक्रारीवर उपाय सुचवला. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, मनाच्या आजाराची औषधं तर कुणाच्याही सांगण्यावरून अचानक थांबवू नका. बदल करायचा तो डॉक्टरांशी बोलून. 'आपण आता बरे झालो' अशी साक्ष दिलेल्या माणसाला पुन्हा गोळी घ्यायची लाज वाटते. ती लाज मनातून काढून टाका. उदासी, जीव नकोसा वाटणं हे विश्वासाच्या कमतरतेचं लक्षण नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

'प्रभूने मला तुझ्याबद्दल सांगितलं आहे.' अमक्याशी लग्न कर, तमका व्यवसाय कर, एवढी रक्कम आण. नम्रपणे उत्तर द्या: "मला प्रभूने सांगितलं की कळवते." बिरुया गावच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं शास्त्राशी ताडून पाहिलं, आणि त्याबद्दल त्यांना कुणी अविश्वासू म्हटलं नाही, त्यांची वाखाणणीच झाली. तपासून बघणं हा तुमचा हक्क आहे. विचारायला थोडा वेळ मागितला म्हणून जो चिडतो, त्याचा सल्ला घेऊ नका.

'सहन कर, तेच तुझं समर्पण.' मार खाणाऱ्या बायकांना हे वाक्य ऐकवलं जातं, आणि ते मला अजिबात मान्य नाही. येशूने स्वतःचा जीव स्वतःहून दिला. नाझरेथच्या लोकांनी कड्यावरून ढकलायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला होता. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीची वेळ असेल तर ११२. २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. राहत्या घरात राहण्याचा आदेश आणि संरक्षणाचा आदेश त्याखाली मागता येतो. क्षमा करणं हा वेगळा प्रश्न आहे, त्यासाठी त्या घरात राहायलाच हवं असं नाही.

घरच्यांच्या वतीने समर्पण. हा खड्डा चांगल्या, तळमळीच्या माणसांचा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला आधी न सांगता. लक्ष्मीबाईंनी पुढची काही वर्षं त्यांच्यापासून दूर काढली, आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना टिळकांची देवासाठी असलेली आग जशी दिसते, तशी त्या आगीची झळ सोसणारी गृहिणीही दिसते. घरातलं देऊन टाकणारे ते, चूल पेटवायची हिला. मी दोघांनाही फार मानते. पण तुम्ही नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेला निघाला असाल, तर आधी पानावर घरखर्च मांडा आणि जोडीदाराच्या तोंडून 'हो' ऐका. गप्प बसणं म्हणजे होकार धरू नका.

दान, घर आणि नवस: तुमचे हक्क

त्या निवृत्त गृहस्थांच्या प्रश्नाकडे येऊ. समर्पण करताना सगळ्यात जास्त घाई आणि सगळ्यात जास्त पश्चात्ताप पैशाच्या बाबतीत होतो.

हनन्या आणि सप्पिरा यांची गोष्ट दान न देणाऱ्यांना घाबरवायला सांगितली जाते. पण पेत्राचं बोलणं नीट ऐका. जमीन होती तोवर तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते, असं तो म्हणतो. त्यांचा अपराध खोटं बोलण्याचा होता. कमी देण्याचा नव्हता. आणि मार्काच्या सातव्या अध्यायात येशू अशा लोकांवर संतापतो, जे 'हे कुर्बान आहे', म्हणजे देवाला वाहिलेलं आहे, असं म्हणून आईबापांना काही देत नाहीत. म्हाताऱ्या आईच्या औषधाचे पैसे देणगीच्या पाकिटात घालू नका.

मोठी रक्कम किंवा मालमत्ता द्यायची असेल तर:

- बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांतला फरक समजून घ्या. घर-जमिनीचं बक्षीसपत्र नोंदणी करून, दोन साक्षीदारांसमोर होतं, आणि एकदा झालं की सहसा मागे घेता येत नाही. मृत्युपत्र जिवंत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. राहतं घर हयातीत कुणालाही बक्षीस देऊ नका, हे माझं ठाम मत.
- मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. धर्मादाय संस्थेला मृत्युपत्राने काही ठेवायचं तर ख्रिस्ती माणसावर पूर्वी जाचक अटी होत्या. मृत्युपत्र मरणाच्या वर्षभर आधी केलेलं असावं लागे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलम रद्द केलं. जुन्या लोकांच्या तोंडी अजून तो नियम असतो, म्हणून सांगितलं.
- बक्षीसपत्र करायचंच असेल आणि वय साठच्या पुढे असेल, तर तुमची देखभाल करण्याची अट त्यात लिहून घ्या. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून मागता येतं. अट कागदावर नसेल तर भांडण अवघड होतं.
- पावती मागा. ट्रस्टच्या नावाची, क्रमांकाची. कुणाच्या खासगी खात्यावर पैसे पाठवू नका, ती व्यक्ती कितीही पवित्र वाटली तरी.
- सभेत वचन दिलं म्हणून कर्ज काढू नका. भावनेच्या भरात जास्त आकडा सांगितला गेला असेल, तर पाळकांना भेटून सरळ सांगा. खरे पाळक ऐकतील.

नवसाबद्दल थोडक्यात. कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार जबरदस्त आणि अन्याय्य भीतीपोटी केलेला नवस मुळात ग्राह्यच नसतो. तसं काही मनात सलत असेल तर फादरांशी बोला. आणि आयुष्यभराचं व्रत घ्यायला निघालेल्या मुला-मुलींनी हे लक्षात घ्यावं की चर्च स्वतः अजिबात घाई करत नाही. निदान बारा महिने नवदीक्षिताचा काळ, मग निदान तीन वर्षांची तात्पुरती व्रतं, आणि त्यानंतर कायमची. दोन हजार वर्षं समर्पण पाहिलेली संस्था इतकी थांबते. एका रात्रीच्या सभेत तुमच्याकडून जन्माचा शब्द घ्यायला बघणाऱ्याला हे सांगा.

पुन्हा हातात घेतलंत तर

घेणारच. सोमवारी सोपवलेलं गुरुवारी परत छातीशी धरलेलं असतं. त्या बाईंचा मंगळवारी फोन आला. गाठ साधी निघाली होती, आणि त्या तरी रडत होत्या. रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री आपण एक क्षणही झोपलो नाही, म्हणजे आपलं समर्पण खोटंच होतं, असं त्यांना वाटत होतं. मी विचारलं, "रात्रभर काय केलंत?" म्हणाल्या, "उठून बसत होते आणि परत परत त्याला सांगत होते."

मग खोटं कसं? पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली होती. वहीतल्या पानावर परत परत तीच ओळ येत असेल तर तारीख बदलून तीच लिहा. फक्त एक पाहा: त्याच बाबीतली तुमच्या वाट्याची कामं होत आहेत ना. ती अडली असतील तर प्रार्थना वाढवण्याआधी ती करा.

आणि काही जणांना हे सगळं वाचूनही सोडवणार नाही. मूल गमावलेल्या आईला, फसवल्या गेलेल्या माणसाला 'तुझी इच्छा' हे शब्द उच्चारता येत नाहीत, आणि कुणी ते त्यांच्याकडून वदवून घेऊ नयेत. तुम्ही त्यांपैकी असाल तर आज एवढंच म्हणा: प्रभू, मला अजून सोडवत नाही. तिथेच थांबा, दिवा मालवा. उद्या रात्री परत हेच म्हणायला या.